चांदीची सुई

बातमी एसटीच्या कंडक्टरनं आणली. आमच्या आंधळगावहून तुमसरला येणारी सकाळची गाडी त्याची. शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यानं शिपायाकडून मला वर्गातून बोलावून घेतलं आणि कानाला गुंडाळलेला मफलर सोडत म्हणाला, "बाई, तुमची मोठीमाय गेली पहाटे. घरच्यायनं निरोप देला. माही गाडी वापस चालली, बसा." पौष महिना होता. लोकांनी गाडीच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. मला सारखं वाटत होतं, की मोठीमाय असती तर तिनं बसल्याबसल्या पहिल्यांदा खिडकी उघडली असती, मग सारी गाडी ओरडली तरी...

घरी पोचले तेव्हा तिला ओसरीत निजवलं होतं. अंगावर नवं लुगडं, लुगड्यावर शाल, शालीवर घोंगडी, आणि पदर डोक्यावरून थेट भुवयांपर्यंत ओढलेला. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. "एवढं काहून पांघरवलं तिले?" मी विचारलं. आई म्हणाली, "थंडी आहे नं वो." मी घोंगडी काढली, शाल काढली. पदराला हात घातला तेव्हा मात्र शेजारच्या एका म्हातारीनं माझं मनगट धरलं. "देवीचं आंग होतं ते, पोरी. त्याचं डोकं उघडं नाही करत." सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझं मनगट तिनं सोडलं नाही, आणि मोठीमाय तशीच, डोकं झाकून गेली. त्याला आता महिना उलटून गेला आहे. तरी ते मनगट अजून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं आणि मला दोन आया होत्या, इतकं हे सरळ होतं. आमच्या घरात शेतीपलीकडचं शिक्षण कुणी घेतलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, शिक्षिका झाले, ते तिच्यामुळे. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, तसं घडलं म्हणून लिहिते. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी राहते आणि घरातल्या लेकराला मध्ये घालून बोलते. आमच्या घरातलं ते लेकरू मी. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ओसरीत खाटेवर बसलेले असायचे आणि मोठीमाय दोन हातांवर, दाराच्या आतून म्हणायची, "सांग वो तुह्या आबाजीले, पोरीचं नाव भंडाऱ्याच्या कॉलेजात टाकाचं आहे म्हणून." सगळं ऐकू येत असूनही आबाजी माझ्याकडे वळून म्हणायचे, "सांग तिले, पोरगी रोवण्याले लागते." "सांग त्यायले, पोरीच्या वाटचं मी रोवतो." मी बोलायची गरजच नसायची. मी फक्त मध्ये उभी असायची, टेलिफोनच्या खांबासारखी. असे कितीतरी दिवस गेले आणि शेवटी आबाजी मला म्हणाले, "सांग तिले, जाऊ दे मंग." माझ्या वाटचं भाताचं रोवणं तिनं खरंच केलं. गुडघाभर चिखलात, माझ्या सगळ्या कॉलेजभर.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तिचं ते सुरू झालं. सुट्टीत घरी आले, तर ती चुलीपुढून एकदम उठून मागच्या दारात जाऊन बसायची. चेहरा लालबुंद, मान घामानं भिजलेली, छाती धडधडत असलेली. थोड्या वेळानं सगळं निवायचं आणि ती कुडकुडायला लागायची. "पोटातून वाफ उठते वो," ती मला सांगायची. "उकडा तांदूळ करतेत नं, तसा कोणी मले हंड्यात ठेवून देलं असं वाटते." तिची पाळी त्याआधी काही महिने अनियमित झाली होती. रजोनिवृत्तीच्या वयात असं होतं, हे मी कॉलेजात ओझरतं वाचलं होतं, पण पुस्तकात त्याबद्दल दोन ओळी होत्या आणि घरात तेवढ्याही नव्हत्या. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच मला सांगितलं, "वयाचं आहे. आपोआप जाईल. सहन करायला सांगा." बाहेर आल्यावर मोठीमाय म्हणाली, "सहन कराले मी त्याले विचाराले आली होती काय?"

पण खरा घोटाळा झाला तो मंडईच्या दिवशी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक असतं आणि घरोघर पाहुणे येतात. आबाजींच्या पंगतीला सगळे व्याही-पाहुणे बसले होते. मोठीमाय वाढत होती. पदर भुवयांपर्यंत, हातात गरम वरणाचं भांडं. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा पेटत गेला. तिनं भांडं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर ओढून फेकला आणि कोपऱ्यातल्या बादलीतला पाण्याचा गडवा भरून सगळ्या पुरुषांदेखत आपल्या डोक्यावर उपडा केला.

पंगत थिजली. आबाजी अर्धवट उठले होते. त्यांचा चेहरा बघून मी तिचा पदर उचलायला पुढे सरकले. आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्या पाहुण्यानं आपलं ताट बाजूला सरकवलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "माय आली! माय आली वो घरात!" मग दुसऱ्यानं हात जोडले, तिसऱ्यानं जोडले. आबाजी परत खाली बसले आणि त्यांनीही हात जोडले. आईनं धावत जाऊन देवघरातला पाट आणला, कुंकवाचा करंडा आणला, उदबत्त्या पेटवल्या. मोठीमायला पाटावर बसवून तिच्याभोवती सगळ्यांनी असा धूर केला, की बिचारीला आणखीच घाम फुटला. "मी देवी नाही बाप्पा," ती म्हणत होती, "मले गरम होऊन राहिलं." पण देवी असं बोलतच असते म्हणे.

मी चिडले. पण आज विचार करते, तर त्या म्हाताऱ्यानं तिची अब्रू वाचवली, हे नाकारता येत नाही. सासऱ्यापुढे, व्याह्यांपुढे डोकं उघडं टाकलेली सून त्या घरात दुसऱ्या दिवशी कशी राहिली असती? देवीला ते माफ होतं. म्हणून देवी झाली. आणि एकदा झाली, ती झालीच. मंगळवारी, शुक्रवारी बायका नारळ घेऊन यायला लागल्या. वाफ उठली, की आई पाट मांडायची. माझी आई भित्री, श्रद्धाळू बाई. थोरल्या जावेच्या अंगात देवी आहे, याचं तिला भारी अप्रूप होतं.

पुढच्या वर्षी मला तुमसरच्या शाळेत नोकरी लागली. तिथे माझ्याबरोबरच्या एका शिक्षिकेच्या आईची पाठ कुठल्याच औषधानं बरी होत नव्हती. ती एका सुईवाल्या डॉक्टरांकडे जायची. हे डॉक्टर नागपूरचे. रीतसर डॉक्टरी शिकलेले. कलकत्त्याला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले होते आणि तुमसरच्या बाजाराच्या दिवशी एका राईस मिलला लागून असलेल्या खोलीत बसायचे. मी त्यांना गाठून मोठीमायचं सगळं सांगितलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "मी मुख्यतः दुखण्यासाठी वापरतो. या वाफांसाठी चीनमध्ये करतात असं वाचलंय, एक-दोन बायकांना गुण आलेला पाहिलाय. खात्री देत नाही. काही महिने दर आठवड्याला आणाल तर करून पाहू."

घरी "गुडघ्यासाठी" असं सांगून मी मोठीमायला आणायला लागले. पहिल्या दिवशी तिनं ती केसासारखी बारीक सुई दोन बोटांत धरून उजेडात निरखली. "याच्यात दवाई कुठून भरता?"

"दवाई नाही, बाई. नुसतीच सुई," डॉक्टर म्हणाले.

"मंग पैसे कायचे घेता?"

डॉक्टर मनापासून हसले. मनगटाच्या वर, नेमकं तिच्या गोंदणातल्या तुळशीशेजारी त्यांनी सुई टोचली, तेव्हा ही म्हणाली, "बस? गोंदणवालीनं मले तीन गावं आयकू जाईल इतकं रडवलं होतं. हे त मच्छर आहे." घोट्याच्या वर एक टोचली, पायाला एक टोचली. मग डॉक्टर जरा घुटमळले. "एक टाळूवर द्यायची आहे. पदर काढावा लागेल."

मोठीमायनं पदर घट्ट धरला. "पदराखालून नाही टोचता येत काय?"

"येत नाही, बाई. नको असेल तर राहू द्या. जबरदस्ती नाही."

ती छताकडे बघत पडून राहिली. वर पंखा गरगरत होता. आमच्या घरी तेव्हा पंखा नव्हता. मग तीच म्हणाली, "माहा सासरा अथी थोडीच बसला आहे," आणि तिनं स्वतःच्या हातानं पदर मागे सारला. अर्धा तास ती तशी निजली. भांगात कुंकू, केस पांढरे व्हायला लागलेले, टाळूवर एक सुई, वर पंखा. तिचं डोकं मी इतका वेळ उघडं कधीच पाहिलं नव्हतं. ती घोरायला लागली.

हळूहळू फरक पडत गेला. वाफा कमी झाल्या, ज्या येत त्या सौम्य असत. तिला झोप लागायला लागली, तोंडावर तजेला आला. हे सुईनं झालं, की पंख्याखाली उघड्या डोक्यानं निवांत पडल्यानं झालं, की "कसं वाटते, बाई?" असं कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं म्हणून झालं? मी विज्ञान शिकले आहे. मी ठामपणे काही सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगत नव्हते. ते कळायला उपचार पुरा व्हायला हवा होता. तो होऊ दिला नाही. माझी सगळी चिडचिड तिथे येऊन अडते.

कारण नवरात्र आलं. घट बसले, गावातल्या बायका नारळ घेऊन ओसरीत आल्या, आईनं पाट मांडला, मोठीमायला बसवलं, आणि... काहीच आलं नाही. ती शांत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. बायका कुजबुजायला लागल्या. त्यातच बाजारातून कुणीतरी खबर आणली, की तुमची सून तुमसरला परक्या माणसापुढे डोकं उघडं टाकून, अंगात सुया टोचून निजते. "लिंबाले टोचतेत तशा!" असं वर जोडून. करणी करणारे लिंबाला सुया टोचतात. म्हणजे देवीवर कुणी करणी केली, असा त्याचा अर्थ झाला.

संध्याकाळी आबाजींनी मला हाक मारली. "विचार वो तुह्या मोठीमायले, काय आयकून राहिलो मी?" मी तोंड उघडायच्या आधी मोठीमाय दाराआडून बाहेर आली. सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण आवाज कुणाच्या मार्फत नव्हता. "मामाजी, देवी नोहोती. मले पाळी जाण्याच्या वयाचं गरम होत होतं. सुयानं कमी झालं. मले जाऊ द्या."

देवी नसताना आपल्या सासऱ्याशी ती थेट बोलली, ती आयुष्यात एकदाच. आबाजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "सांग तिले, देवी नोहोती, त मंग गावानं नारळ कोणाले फोडले? माह्या व्याह्यायनं हात कोणाले जोडले? पंगतीत डोकं उघडं टाकलं ते मंग कोणं? सांगाव म्हणा."

आजार म्हटलं, की मंडईच्या दिवसाची बेअब्रू परत उभी राहत होती. देवी म्हटलं, की उपचार बंद होत होता. मोठेबाबा, तिचे यजमान, कोपऱ्यात बसून दोरी वळत होते, ते वळतच राहिले. मी आबाजींशी भांडले, बरंच बोलले. त्यांनी एकच सांगितलं, तुमसरला जायचं नाही. मोठीमाय हळूच दाराआड परत गेली.

थंडी पडता पडता वाफा पुन्हा सुरू झाल्या. "माय परत आली," म्हणून घरात आनंद झाला. मला जे वाटलं ते लिहून दाखवता येत नाही.

देवीला आणखी एक गोष्ट माफ होती. देवी आबाजींशी थेट बोलू शकत होती, आणि तेही अरे-तुरे करून. मोठीमायच्या हे लक्षात आलं. पुढच्याच शुक्रवारी पाटावर बसल्याबसल्या ती घुमली आणि म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, मले सुया पाहिजे. आयकून राहिला काय? सुया!" मी दाराशी उभी होते. आबाजींनी जमिनीला डोकं टेकवलं. "देतो माय, देतो." आणि दोन दिवसांत त्यांनी सोनाराकडून बोटभर लांबीची चांदीची सुई घडवून आणली, हळदकुंकू लावलं आणि पाटापुढे वाहिली.

त्या दिवशी मागच्या दारात बसून मोठीमाय इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते मला कळेना. "पाय वो," ती म्हणाली, "देवीले दागिना भेटला."

मग तिनं स्वतःसाठी मागणं सोडून दिलं. पण दुसऱ्यांसाठी मागायला लागली. शेजारची सून बाळंतपणानंतर उठतच नव्हती आणि तिला परह्यात, म्हणजे भाताच्या रोपांच्या कामाला जुंपायचं चाललं होतं. तिच्या सासूला देवी म्हणाली, "हिले महिनाभर निजू दे. नाही त माह्या दारात नारळ आणू नोको." निजू दिलं. एका चाळिशी उलटलेल्या बाईच्या अंगाची अशीच आग होत होती. देवीनं हुकूम सोडला, की हिनं दुपारी पदर काढून, दार उघडं टाकून थंड जमिनीवर पडावं आणि कुणी काही बोलू नये. कुणी बोललं नाही. मी एकदा तिला झापलंच, "मोठीमाय, तू खोटं काहून बोलतेस? तू बी तसंच करशील, त ह्या लोकायचं डोकं कधी सुधरन?"

"खरं बोलून पायलं नं मी," ती म्हणाली. "तू होतीस तथी उभी. कोणं आयकलं?"

मी म्हटलं, आबाजींना न विचारता चल, डॉक्टर अजून येतात. ती नाही म्हणाली. "मी सुया टोचाले गेली, का माय गेली. माय गेली, का ह्या बायायले कोण निजू देईन?" मला ती शहाणी वाटते आणि मला तिचा संतापही येतो. स्वतःच्या वाट्याची झोप तिनं दुसऱ्यांना वाटली, जसं माझ्या वाट्याचं रोवणं स्वतः केलं. हे कौतुकानं लिहायला घेतलं, की लेखणी अडखळते. कुणी तिच्या वाट्याचं काही का केलं नाही? पुढे डॉक्टरांचं तुमसरला येणंही बंद झालं. वाफा वर्षानुवर्षं येत राहिल्या, मग आपोआप विरळ होत गेल्या. तोवर मागच्या दाराच्या उंबरठ्यावर बसायची तिची सवय मात्र पक्की झाली होती. पौषातसुद्धा, सगळे शेकोटीभोवती असताना, ती एकटी तिथे पाठ टेकून बसायची.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. देवघरात तिचा फोटो ठेवला होता, भुवयांपर्यंत पदर घेतलेला. पुढे तो पाट, पाटावर लाल फडकं, फडक्यावर चांदीची सुई. बायका येऊन तिच्यावर कुंकू वाहत होत्या. सुई कुणाच्याही अंगात कधी गेली नव्हती, म्हणून इतकी वर्षं ती लखलखीत राहिली होती.

आई चुलीपुढे वड्यांचा घाणा काढत होती. ती एकदम थांबली. झारा तिच्या हातून निसटला आणि मी पाहिलं, तोच लालबुंद चेहरा, तीच घामानं चमकणारी मान. मला आधी ते कळलं आणि मग तिचं वय आठवलं. तिथल्या बायकांनाही दिसलं. "आली!" एक जण म्हणाली. "थोरलीची धाकटीवर आली वो! पाट आणा, पाट!" कुणीतरी देवघराकडे धावली. पाट आला, सुई आली, कापूर आला.

इतकी वर्षं पाट मांडणारी माझी आई. तिनं पाटाकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. मग उठली, बायकांना हातानं बाजूला करत मागच्या दाराशी गेली आणि उंबरठ्यावर बसली, मोठीमायच्या जागी. तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला. "पाट नोको," ती मला म्हणाली. "पंखा आण." खुंटीवरचा बांबूचा पंखा घेऊन मी तिला वारा घालायला लागले.

मधलं दार उघडं होतं. ओसरीतून आबाजींचा आवाज आला. आता फार म्हातारे झालेत, पण आवाज तोच. "सांग वो पोरी, काय झालं तुह्या मायले?"

मी तोंड उघडलं होतं. पण आई माझ्याआधी बोलली. मागे वळून, सरळ, कुणाच्या मार्फत नाही.

"गरम होऊन राहिलं, मामाजी. सुयावाले डॉक्टर कुठं भेटतेत, ते पायतो आता."

कापूर पाटावर जळून संपला. मी वारा घालत राहिले आणि ओसरीकडे कान देऊन वाट बघत राहिले. आबाजी काही बोलले नाहीत. पण "सांग तिले" असंही ते म्हणाले नाहीत.